मुख्य तक्रार : भांडत नाही

"मॅडम, ह्या माणसाले माह्यासंग भांडाले लावा."

गुरुवारची ओपीडी होती. बाहेर चाळीसेक माणसं बाकावर, पायऱ्यांवर आणि कडुलिंबाखाली बसली होती. माझ्या टेबलासमोर पंचाहत्तरी ओलांडलेले दोन गृहस्थ उभे. बोलणाऱ्याने दुसऱ्याचं मनगट धरून ठेवलं होतं. धरलेला माणूस शांत होता, इतका शांत की मी त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. आमच्या धंद्यात जो जास्त बोलतो तोच पेशंट, असा एक आळशी समज आहे. मी बोलणाऱ्याला खुर्ची दिली आणि त्याच्या नावाने केस पेपर काढला.

नाव प्रल्हाद रामटेके. भद्रावतीच्या फॅक्टरीतून फिटर म्हणून रिटायर. आता गावी धानाची शेती. मी विचारलं, हे तुमच्याशी भांडत नाहीत असं कधीपासून वाटतंय? म्हणाले, तीन महिने झाले. झोप येते का? मस्त येते. कोणी आपल्यावर पाळत ठेवतंय असं वाटतं का? नाही. कानात आवाज येतात का?

"नाई ना मॅडम. याचा बी येत नाई, तेच तं सांगून राह्यलो."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी चुकीच्या माणसाला तपासत होते. सिस्टरने हळूच केस पेपर माझ्यासमोरून ओढून घेतला, नाव खोडलं आणि दुसरं लिहिलं. ती पंधरा वर्षं माझ्यासोबत काम करते. अशा वेळी माझी चूक दिवसभर तिच्या चेहऱ्यावर राहते.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, म्हणजे गावाच्या भाषेत 'डोक्याची मॅडम'. गडचिरोलीत जिल्ह्याच्या दवाखान्यात माझी नोकरी. आठवड्यातून एकदा जीपने तालुक्याच्या एका रुग्णालयात जाऊन ओपीडी करते. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना विचारलं, लिहू का? ते म्हणाले, लिवा, पण मोजमाप बरोबर लिवा. का म्हणाले ते पुढे कळेल.

तर खरे पेशंट तुळशीराम भोयर. आयुष्यभर आलापल्लीच्या लाकूड डेपोत मोजणीवर होते. जंगलातून सागाचे लठ्ठे येतात, त्यांची लांबी आणि गोलाई मोजायची, लठ्ठ्यावर नंबर टाकायचा, रजिस्टरात लिहायचं. तीस-बत्तीस वर्षं हेच. रिटायर होऊन गावी आले ते खिशात स्टीलचा टेप घेऊनच. अंगणातली तुळस मोजली, रस्त्याची रुंदी मोजली, ग्रामपंचायतीने बांधलेली नाली मोजली आणि ती सहा इंच कमी निघाली म्हणून अर्ज केला. शेवटी त्यांनी धुरा मोजला. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. ह्या धुऱ्याच्या पलीकडे रामटेकेभाऊंची बांधी, म्हणजे धानाचं शेत, होती.

तिथून अठरा वर्षं दोघं भांडत होते. सरकारी मोजणी तीनदा झाली आणि तीनदा वेगळी निघाली. रोज सकाळी दोघं आपापल्या शेतात जायचे, धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहायचे आणि एकमेकांच्या सात पिढ्या काढायचे. मग घरी येऊन जेवायचे. गावाला त्याची इतकी सवय झाली होती की बाया त्या आवाजावरून वेळ ओळखायच्या.

आणि मग दिवाळीच्या थोडं आधी तुळशीरामभाऊ स्वतःहून तंटामुक्ती समितीपुढे गेले. गावातली भांडणं गावातच मिटवायची ही समिती. अठरा वर्षं समितीच्या तीन अध्यक्षांनी ह्या धुऱ्यापुढे हात टेकले होते. भाऊ म्हणाले, प्रल्हाद म्हणते तिथं धुरा. सही केली. समितीला आनंदाने काही सुचेना. सभा घेतली, भाऊंना शाल-श्रीफळ दिलं, भाषणं झाली, फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकले. 'क्रोधावर विजय' असं काहीतरी फलकावर लिहिलं होतं. रामटेकेभाऊंनी मोबाईलवर तो फोटो मला दाखवला. फोटोत सगळे हसत होते. शाल पांघरलेला माणूस कॅमेऱ्याकडे पाहतच नव्हता आणि त्याचा सदरा गळ्याशी दोन बोटं सैल झाला होता.

"तुम्हाला शंका कधी आली?" मी रामटेकेभाऊंना विचारलं.

ते म्हणाले, सही केली त्याच दिवशी. पण शंका म्हणजे पुरावा नव्हे. माणूस फिटर होता, मशीन खोलून पाहिल्याशिवाय बोलत नाही. म्हणून धान कापल्यावर त्यांनी एक प्रयोग केला.

"मी मुद्दाम धुरा हातभर त्याच्या शेताकडं सरकवला. दिवसाढवळ्या, त्याच्या डोळ्यासमोर. हा पाहत राह्यला. मी म्हटलं, तुळश्या, दिसून नाई राह्यलं का तुले? तं म्हणते, राहू दे. दुसऱ्या रोजी माह्या घरी आला आन् त्याचा टेप माह्या हातात देल्ला. म्हणे, आता मले काई मोजाचं नाई."

आमच्याकडे डिप्रेशन तपासायच्या प्रश्नावल्या असतात. एक ते चार आकडे, बेरीज करायची. त्यातली एकही प्रश्नावली हातभर सरकवलेल्या धुऱ्याइतकी चोख नाही, हे मी नोकरी पणाला लावून सांगते. मी हसता हसता पेन खाली ठेवला. भांडखोर माणूस अचानक गोड होतो, जवळची वस्तू देऊन टाकतो, जुने हिशोब मिटवतो, तेव्हा आमच्यासारख्यांनी खुर्चीत सरळ बसायचं असतं. मी दहा मिनिटं भलत्याच माणसाची झोप विचारत बसले होते. मला स्वतःची लाज वाटली.

रामटेकेभाऊंना बाहेर बसवलं. दार लोटलं.

तुळशीरामभाऊ विचारलं तेवढंच बोलत होते, तेही सावकाश, प्रत्येक शब्द खालून उचलून आणावा लागत असल्यासारखे. पहाटे जाग येते, मग झोप नाही. जेवण उतरत नाही. कशात मन नाही. मी विचारलं, मनाला काही लागून राहिलंय का? मग ते म्हणाले, डेपोत असताना एका लठ्ठ्याची गोलाई चुकीची लिहिली होती. कधी? पंचवीस वर्षं झाली असतील. कोणाला कळलं होतं का? नाही.

"पन मले माहीत हाये ना," ते म्हणाले.

पंचवीस वर्षांपूर्वीचा एक लठ्ठा. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. त्या लठ्ठ्यावरून त्यांनी आपली सगळी नोकरी खोटी ठरवली होती, आणि नोकरीवरून आयुष्य.

मग मी तो प्रश्न विचारला. लोकांना वाटतं, हा प्रश्न विचारला की माणसाच्या डोक्यात नसलेला विचार घुसेल. तसं होत नाही. ज्याच्या डोक्यात नसतो तो 'काहीही काय मॅडम' म्हणतो. ज्याच्या डोक्यात असतो त्याला कोणीतरी विचारल्याचं बरं वाटतं. म्हणून आडून आडून नाही, सरळ विचारायचं.

"भाऊ, जीव नकोसा झालाय का? संपवावं असं मनात येतं?"

"येते जी."

"काही ठरवलंय?"

त्यांनी मानेनेच हो म्हटलं. काय ठरवलं होतं ते मी इथे लिहिणार नाही. पण धुऱ्याबद्दल ते म्हणाले, "माह्या मांगं यशोदेले कोर्टात फिरा नाई लागावं. तिले मोजणी समजत नाई. म्हणून मिटवून टाकलं."

तंटामुक्ती समितीने ज्याचा सत्कार केला, ते हे होतं. समितीला तरी काय बोल लावणार? वेडंवाकडं वागणारा माणूस सगळ्यांना दिसतो. चांगलं वागू लागलेल्या माणसाला दवाखान्यात कोण नेतं?

आता थोडं शास्त्र. घाबरू नका, मीही ह्यात पहिल्या वर्षी नापास होता होता राहिले.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये बारीक फट असते. एका पेशीचा निरोप फटीपलीकडे न्यायला रसायनं लागतात. सिरोटोनिन हे त्यातलं एक. झोप, भूक, मनाची उभारी, आणि नको तो विचार आला तर त्याला 'थांब जरा' म्हणायची ताकद, ह्या सगळ्यांत त्याचा हात असतो. डिप्रेशनमध्ये हा कारभार बिघडतो. आम्ही पेशंटला सोपं करून सांगतो, रसायन कमी झालंय, गोळीने भरून निघेल. हे अर्धसत्य आहे. टाकीत पाणी भरण्याइतकं ते सरळ असतं तर गोळी त्याच दिवशी लागू पडली असती. रसायन लवकर हलतं, माणूस हलायला दोन-चार आठवडे लागतात. मधल्या काळात मेंदू नेमकं काय करतो हे अजून कोणालाच पूर्ण ठाऊक नाही. मलाही नाही, आणि जो छातीठोक सांगतो त्यालाही नाही. गोळीने बऱ्याच जणांना बरं वाटतं, एवढं मात्र मी रोज पाहते.

दुसरी बाजू स्वभावाची. आजार एकच असला तरी तो बाहेर कसा पडेल हे स्वभावावर अवलंबून असतं. तापट, उतावळ्या माणसाचा धोका वेगळा. त्याला रागाचा एक तास पार करून दिला तर पुष्कळदा तो वाचतो. शिस्तीच्या, स्वतःवर कडक असलेल्या माणसाचा धोका वेगळा. तो घाई करत नाही, तो आवरायला घेतो. कागद लावतो, भांडणं मिटवतो, कोणाचं काही राहू नये बघतो. घरच्यांना वाटतं, किती समजूतदार झाला! जन्मभर मोजणाऱ्या माणसाला आजार झाला तर तो स्वतःलाच मोजायला घेतो, आणि आजाराच्या टेपवर माणूस नेहमी कमीच भरतो.

भाऊंना त्या दिवशी घरी पाठवणं शक्य नव्हतं. पण ते ॲडमिट व्हायला तयार होईनात. म्हणाले, माझ्यासाठी सरकारचा पलंग कशाला अडवता. मी समजावून पाहिलं, उपयोग झाला नाही. मग मला त्यांचा स्वभाव आठवला.

"भाऊ, नियम आहे. डॉक्टरने पेपरवर 'धोका' असं लिहिलं की त्या दिवशी पेशंटला घरी सोडता येत नाही."

"लिवलं हाये का तसं?"

"लिहिलंय," मी म्हटलं, आणि त्यांच्यासमोर मोठ्या अक्षरात लिहिलं.

त्यांनी वाचलं, मान डोलावली आणि सही केली. असा नियम कोणत्या पुस्तकात कसा छापलाय ते मला विचारू नका. मन खचलं होतं तरी नियम पाळायची सवय शाबूत होती. मी तिचा फायदा घेतला.

आता साहेब. साहेब म्हणजे सिव्हिल सर्जन, जिल्ह्याच्या दवाखान्याचे प्रमुख. माणूस चांगला, पण पलंगांच्या बाबतीत काटेकोर. मी फोन लावला.

"सर, एक ॲडमिशन पाठवतेय. सिव्हिअर डिप्रेशन, रिस्क हाय."

"मुख्य तक्रार काय?"

मुख्य तक्रार हा केस पेपरवरचा पहिला रकाना. त्यात डॉक्टरचं मत लिहायचं नसतं. पेशंट किंवा सोबतचा माणूस जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत लिहायचं.

"तीन महिन्यांपासून भांडत नाही," मी वाचून दाखवलं.

साहेबांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं.

"मॅडम, लोक भांडतात म्हणून त्यांना तुमच्याकडे आणतात."

"ह्यांना भांडत नाहीत म्हणून आणलंय, सर."

"सोबत नातेवाईक कोण?"

"नातेवाईक घरी आहेत. आणलंय विरोधी पार्टीने."

साहेब म्हणाले, पाठवा. आणि फोन ठेवताना कोणाला तरी काहीतरी म्हणाले, ते मला ऐकू आलं, पण ते माझ्याबद्दल असल्यामुळे लिहीत नाही.

भाऊंच्या बायकोला, यशोदाबाईंना, निरोप गेला तशा त्या तासाभरात कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून आल्या. त्यांना खरोखर काही कळेना. म्हणाल्या, मॅडम, पन्नास वर्षांत पहिल्यांदा माणूस घरात गोड वागून राह्यला आणि तुम्ही त्याले भरती करता? आता भाजीत मीठ कमी म्हणत नाही, चपला ओळीत नाही म्हणून ओरडत नाही. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. सही का केली तेही सांगितलं. त्या खाली बसल्या. पदर तोंडाला लावून म्हणाल्या, मी तर समितीच्या माणसांना पोहे करून वाढले.

मी धीर द्यायला म्हटलं, "काळजी करू नका. औषधाने भाऊ पूर्वीसारखे होतील."

"पूर्वीसारखे?" बाईंचा चेहरा आणखी उतरला.

मी नोकरीत खूप वेळा धीर दिला आहे. तो इतका वाईट कधीच बसला नव्हता.

घरातली फवारणीची औषधं आणि इतर धोक्याचं सामान बाहेर काढायचं होतं. हे आम्ही प्रत्येक अशा घराला सांगतो, कारण ती वेळ टळायला पुष्कळदा हातात काही न मिळणं पुरेसं असतं. बाई म्हणाल्या, कुठं ठेवू? रामटेकेभाऊ म्हणाले, माह्याकडे. त्यांनी त्याच दिवशी भोयरांच्या घरातून सगळं उचललं, आपल्या कोठारात टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली. हे वर्णन त्यांचंच. वर म्हणाले, आमच्या घरात कोणी जानवं घातलं नाई मॅडम, पन हे घातलं.

वॉर्डात पहिले पाच दिवस काहीच घडलं नाही. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. यशोदाबाई आणि रामटेकेभाऊ पाळीने बसायचे. रामटेकेभाऊ रोज काहीतरी खोडी काढून पाहायचे. ग्रामपंचायतीच्या नवीन नालीबद्दल बोलायचे, धुऱ्याबद्दल बोलायचे. एकदा म्हणाले, तुळश्या, मी आनखी हातभर घेऊ का रे? भाऊंनी चादर डोक्यावर ओढली.

मी त्यांना विचारलं, तुम्हाला तर आयती जमीन मिळाली. गप्प बसला असता तर कोणाला कळलं असतं?

ते जरा ओशाळले. "अठरा वर्षं रोज सकाळी ह्याच्यासंग बोललो मॅडम. बायकोसंग एवढा नाई बोललो. हातभर जमीन घेऊन त्या धुऱ्यावर एकटा काय करू मी?"

सहाव्या दिवशी भाऊ उठले. स्वतः दाढी केली, अंघोळ केली आणि मला म्हणाले, बरं वाटून राह्यलं, घरी जातो. साहेबांनीही फोन केला. पेशंट हिंडतोय, पलंगाची अडचण आहे, सोडा.

हा दिवस फसवा असतो. गोळ्या सुरू केल्यावर पुष्कळांना अंगातली ताकद आधी येते, मन नंतर वर येतं. म्हणजे मधले काही दिवस विचार तेच असतात आणि ते पुरे करायची ताकद मात्र आलेली असते. आमच्या कामात सगळ्यात जास्त भीती ह्या दिवसांची. मी भाऊंच्या पलंगावर बसले आणि पुन्हा तेच विचारलं. झोप? येते. पाय चालतात? चालतात. आणि मनातलं ते?

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "ते हाये जी तसंच."

मी साहेबांना सांगितलं, सोडत नाही. साहेब म्हणाले, किती दिवस? मी म्हटलं, सांगता येत नाही. साहेब म्हणाले, मॅडम, असं कसं चालेल? मी म्हटलं, तुम्ही लिहून द्या सोडा म्हणून, मी सोडते. सरकारी नोकरीत हे वाक्य जपून वापरायचं असतं. त्यांनी लिहून दिलं नाही. त्या आठ-नऊ दिवसांत माझं जेवणात लक्ष नव्हतं. रोज ओपीडी संपली की मी काही कारण काढून वॉर्डात डोकावायचे आणि भाऊ पलंगावर दिसले की परत फिरायचे.

पंधराव्या दिवशी वॉर्डातली सिस्टर तणतणत माझ्या खोलीत आली. तुमचा पेशंट त्रास देतोय. काय झालं? म्हणे, सगळ्या खाटा एका ओळीत नाहीत, तिसरी चार बोटं बाहेर आहे, ती सरकवून द्या म्हणून सकाळपासून मागे लागलाय.

मी पळतच गेले. भाऊ तिसऱ्या खाटेपाशी वाकून उभे होते. खाटेवरचा पेशंट घाबरून पाय आखडून बसला होता.

"मॅडम, कोणी लावल्या ह्या खाटा? डोळे नाई का त्याले?"

दारात रामटेकेभाऊ डबा घेऊन उभे होते. त्यांनी डबा खाली ठेवला, रुमाल काढला आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिले. तणतणणाऱ्या सिस्टरला मी चहा पाजला. तिला कारण कळेना, पण तिने तो घेतला.

तरीही मी आणखी आठवडाभर ठेवलं. मग सोडलं. गोळ्या बाईंच्या ताब्यात, गळ्यातली किल्ली जिथल्या तिथे, दर गुरुवारी ओपीडीत दाखवायचं. भाऊ एक गुरुवार चुकले नाहीत. फेब्रुवारीच्या अखेरीस ते स्वतः रामटेकेभाऊंच्या दारात गेले आणि टेप परत मागितला. रामटेकेभाऊंनी दिला. भाऊंनी तिथेच उघडून पाहिला आणि म्हणाले, गंज चढवलास.

होळीनंतर एका गुरुवारी दोघं वेगवेगळे आले. एक आधी, एक नंतर. मी समजले.

धुरा हातभर मागे गेला होता. रामटेकेभाऊंनी प्रयोगासाठी घेतलेली जमीन परत केली होती, त्यावर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पण भाऊ आता म्हणत होते की मूळ सही आजारपणातली, ती धरू नये, आणि धुरा अठरा वर्षांपूर्वी जिथे हवा होता तिथेच हवा. "आन् तुमचंच सर्टिफिकेट लावून राह्यला मॅडम," रामटेकेभाऊ म्हणाले. चेहरा रागाचा होता, पण त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांचाही फोन आला. त्यांचं गाव तंटामुक्त गावाच्या बक्षिसाच्या स्पर्धेत होतं. एका गोळीने सगळ्यावर पाणी फिरलं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, एक गोळी नाही, बराच काळ द्यावी लागली. ते म्हणाले, काही करता येत नाही का? मी म्हटलं, करून झालंय.

सगळ्यात छान प्रश्न यशोदाबाईंचा. एकदा एकट्याच आल्या, खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, अशी गोळी नाई का, जिनं जीव राहील आन् भांडण जाईल?"

"नाही बाई. निघाली तर पहिली आमच्या साहेबांना देईन."

त्या हसल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या आणि म्हणाल्या, जाऊ द्या जी, भांडू द्या. पहाटेला जाग येते ना, तर आधी मी तो घोरून राह्यला का ते ऐकतो. मग झोपतो.

गोळीबद्दल लोकांचे दोन गैरसमज आहेत. एक, गोळीने काही होत नाही. दुसरा, गोळीने माणूस सुधारतो. आजारी मेंदू गोळीने पुष्कळदा ताळ्यावर येतो. त्या मेंदूचा मालक जसा होता तसाच परत येतो, वाकड्या नाकासकट. बरं होणं आणि चांगलं होणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि मला पगार पहिल्याचा मिळतो.

मे महिन्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक अर्ज होता. हस्ताक्षर सरळ, समास चारी बाजूंनी सारखा. विषय : मानसोपचार ओपीडीच्या वेळेबाबत. ओपीडी दहाची असताना सदर मॅडम गेल्या सलग सहा गुरुवारी किती वाजून किती मिनिटांनी आल्या, त्याचा तक्ता जोडला होता. उशिरात उशिरा दहा चव्वेचाळीस. खाली सही, तुळशीराम भोयर, सेवानिवृत्त मोजणीदार.

साहेब म्हणाले, "वाचवलंत ना? आता लेखी खुलासा द्या."

मी तिथेच बसून दिला. दोन ओळींचा होता. 'अर्जदाराची प्रकृती पूर्ण बरी आहे. तक्रार खरी आहे.'